तीन पत्ती येते, मग पोकर कुठे अडतो? घरच्या पहिल्या डावाची पूर्ण तयारी

दिवाळीत तीन पत्ती आणि मे महिन्यात मेंढीकोट एवढा सराव असलेल्या मंडळींना पोकरचे नियम समजायला अर्धा तास पुरतो. पुढे घोळ घालतात त्या तीन पत्तीच्या सवयी. ‘ब्लाइंड’ हा शब्द दोन्हीकडे आहे, पण अर्थ वेगळा. ‘कलर’ आणि ‘रन’ दोन्हीकडे आहेत, पण त्यांचा क्रम उलटा. साइड शो पोकरमध्ये नाहीच. म्हणून हा लेख पोकरचा टेक्सस होल्डेम हा प्रकार शिकवताना प्रत्येक वळणावर तीन पत्तीची आठवण करून देईल.

होल्डेमचा सांगाडा असा: प्रत्येकाला दोन पत्ते उपडे मिळतात, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडतात, आणि या सातांतून ज्याचे सर्वोत्तम पाच जुळतात तो पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या सगळ्या चिप्स, नेतो. मधल्या काळात चार वेळा चिप्स लावायची संधी येते. बाकी सगळे जण फोल्ड झाले, म्हणजे पत्ते टाकून डावातून बाहेर पडले, तर उरलेला एकटा पत्ते न दाखवताही जिंकतो.

पैसे लावू नका, पण चिप्सना किंमत द्या

आधी हे मिटवून टाकू. महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे आणि पैशाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. गोव्यातल्या कॅसिनोंना परवाना असतो, तुमच्या दिवाणखान्याला नसतो. त्यामुळे घरचा डाव बिनपैशाचाच.

यातून एक खरी अडचण उभी राहते. चिप्स फुकटच्या असल्या की कोणी फोल्ड करत नाही. सगळे शेवटपर्यंत कॉल करतात, म्हणजे समोरच्याएवढ्या चिप्स लावून डावात राहतात, आणि खेळाचं लॉटरीत रूपांतर होतं. त्यावर उपाय म्हणजे टूर्नामेंट पद्धत: प्रत्येकाला सारख्या चिप्स, संपल्या की बाद, शेवटी उरेल तो विजेता. चिप्स संपल्या तर आपण बाहेर बसणार, एवढी भीती पुरते. बक्षीस म्हणून एखादा जुना पितळी पेला फिरता करंडक ठेवा. पुढच्या डावापर्यंत तो विजेत्याच्या शोकेसमध्ये.

सामान

सहा जण ही नवशिक्यांसाठी सर्वात चांगली संख्या. चारांत डाव पटपट फिरतो आणि आठांत वाट बघून कंटाळा येतो.

पत्त्यांचे दोन कॅट घ्या, पाठीमागचा रंग वेगवेगळा. एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार ठेवायचा, म्हणजे तासाला चार-पाच डाव जास्त होतात. जोकर काढून टाका, पण एक बाजूला ठेवा. वाटताना तो कॅटच्या तळाशी उपडा धरला की तळाचं पान कोणाला दिसत नाही. कागदी पत्ते दोन-तीन बैठकांत दुमडतात, आणि दुमडलेला एक्का पाठीवरूनही ओळखू येतो. प्लास्टिकचे पत्ते थोडे महाग पडतात, पण ओल्या फडक्याने पुसता येतात. त्याची गरज पडतेच, कारण टेबलावर चिवडा येतो. चिवड्याच्या बशीत चमचा ठेवा, किंवा खाणं दुसऱ्या टेबलावर मांडा. तेलाचं बोट लागलेलं पान पुढचे दोन महिने ओळखू येतं.

काचेच्या किंवा सनमायकाच्या टेबलावर पत्ते घसरतात आणि उचलताना उघडे पडतात. वर जाडसर चादर चौपदरी घालून ताणून बसवा. सोलापुरी चादर उत्तम. खाली सतरंजीवर बसून खेळणार असाल तर शेजाऱ्याला पत्ते दिसतात, म्हणून पत्ते हातात पंख्यासारखे धरायचे नाहीत. ते जमिनीवरच ठेवून फक्त कोपरा उचलून बघायचा. ही सवय टेबलावरही लावा.

चिप्सचा ३०० चा संच मिळाला तर उत्तम. नसेल तर चिंचोके, राजमा आणि कपड्यांची बटणंही चालतात. फक्त चिंचोके घरातूनच यावेत, कोणाच्या खिशातून नाही.

डीलर बटण, म्हणजे या डावात पत्ते वाटणारा कोण याची खूण, म्हणून एखादं मोठं झाकण किंवा नाणं घ्या, आणि फोनवर २० मिनिटांचा गजर लावा.

चिप्स किती, ब्लाइंड किती

प्रत्येकाला ३,००० गुण द्या:

- २५ च्या ८ चिप्स (२००)
- १०० च्या ८ चिप्स (८००)
- ५०० च्या ४ चिप्स (२,०००)

म्हणजे माणशी २० चिप्स, सहा जणांना १२०. वर १०० च्या बारा चिप्स वेगळ्या ठेवा, त्या मध्यंतरात लागतील.

तीन पत्तीत प्रत्येक जण बूट टाकतो. इथे दर डावाला फक्त दोघे जण पत्ते बघायच्या आधी सक्तीने चिप्स टाकतात: डीलरच्या डावीकडचा स्मॉल ब्लाइंड आणि त्याच्या डावीकडचा बिग ब्लाइंड, म्हणजे दुप्पट. न बघता खेळण्याशी याचा काही संबंध नाही. पत्ते सगळेच बघतात, आणि ‘ब्लाइंड खेळणाऱ्याला अर्धी चाल’ असली सवलत नाही.

दर २० मिनिटांनी ब्लाइंड असे वाढवा: २५/५०, ५०/१००, ७५/१५०, १००/२००, १५०/३००. इथे दहा मिनिटं चहा. यानंतर २५ च्या चिप्स लागत नाहीत, त्या चार-चार गोळा करून १०० ची एक द्या. सुटी उरली तर दोन किंवा तीनला १०० द्या, एकटी असेल तर सोडून द्या. मोठ्या स्पर्धांत यासाठी वेगळी सोडत असते, घरी एवढं पुरे. चहानंतर २००/४००, ३००/६००, ४००/८००, ५००/१०००.

टेबलावर एकूण १८,००० गुण आहेत. बिग ब्लाइंड एकूण गुणांच्या साधारण विसाव्या हिश्शाला, म्हणजे ९०० च्या आसपास पोहोचला की डाव आपोआप संपायला येतो. या आराखड्यात ती वेळ चहाची दहा मिनिटं धरून पावणेतीन ते तीन तासांनी येते. ब्लाइंड वाढवलेच नाहीत तर रात्री दोन वाजेपर्यंत चौघे जण तेवढ्याच चिप्स इकडून तिकडे ढकलत बसतात. घरच्या बहुतेक डावांचं मरण हेच.

पहिल्या तासात बाद झालेल्याला एकदाच आणखी ३,००० देऊन परत घ्यायचं की नाही, हे आधीच ठरवा. नवशिक्यांसाठी द्यावं असं आमचं मत. शेवट थोडा लांबतो, पण पंधराव्या मिनिटाला बाद झालेला पाहुणा फोन बघत बसत नाही.

पिसणं आणि वाटणं

आपण हातावर वरून-खाली टाकत पिसतो, त्यात पत्त्यांचे गठ्ठे तसेच राहतात. कॅटचे दोन भाग करून अंगठ्याने सोडत एकमेकांत मिसळणारी रिफल पद्धत येत असेल तर ती सात वेळा करा. डायकोनिस आणि बायर या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलेला हा आकडा आहे. येत नसेल तर सगळे पत्ते उपडे चादरीवर पसरून दोन्ही हातांनी मिनिटभर घुसळा, गोळा करा, थोडं हातावर पिसा आणि उजवीकडच्याला कापायला द्या.

पहिला डीलर कोण? प्रत्येकाला एक उघडं पान द्या, मोठ्या पानाचा डीलर. दोन राजे आले तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असा क्रम लावा. रंगांना क्रम फक्त इथेच आहे. प्रत्यक्ष डावात इस्पिकचा एक्का आणि किलवरचा एक्का एकाच मोलाचे.

डीलरच्या डावीकडून, घड्याळाच्या दिशेने, एकेक पान करत दोन फेऱ्या वाटा. सहा जणांना बारा पत्ते गेले. आता चिप्सची पहिली फेरी. मग वरचं एक पान उपडं बाजूला (याला बर्न म्हणतात) आणि तीन पत्ते उघडे: हा फ्लॉप. दुसरी फेरी. एक बर्न, एक उघडं: टर्न. तिसरी फेरी. एक बर्न, एक उघडं: रिव्हर. शेवटची फेरी आणि मग पत्ते दाखवणं. डाव संपला की बटण एक जागा डावीकडे सरकतं.

बर्न कशासाठी? वरच्या पानाला काही खूण असलीच तर त्याचा फायदा कोणाला मिळू नये म्हणून. ‘घरचीच माणसं आहेत’ म्हणून ते गाळू नका. चिवड्याचं तेल घरच्यांच्याच बोटाला असतं.

आपली पाळी आल्यावर

कोणी काही लावलेलं नसेल तर दोन पर्याय: चेक (काही न लावता पाळी पुढे) किंवा बेट (चिप्स लावणं). कोणी लावलेलं असेल तर तीन: फोल्ड, कॉल (तेवढंच लावणं), रेझ (त्याहून वाढवणं). तीन पत्तीचं ‘पॅक’ म्हणजे फोल्ड. कोणी काही लावलेलं नसताना फोल्ड करू नका, चेक फुकट आहे. नवखे पत्ते आवडले नाहीत की लगेच टाकतात आणि फुकट मिळणारं पुढचं पान घालवतात.

पहिल्या फेरीत बोलायला सुरुवात बिग ब्लाइंडच्या डावीकडचा करतो. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीत डीलरच्या डावीकडचा, जो अजून डावात असेल तो. पहिल्या फेरीत सगळ्यांनी नुसता कॉल केला तरी बिग ब्लाइंडची पाळी बाकी असते. तो चेक करू शकतो किंवा रेझ करू शकतो. घाईने फ्लॉप उघडून त्याचा हा हक्क घालवणं ही पहिल्या रात्रीची ठरलेली चूक. तसंच स्मॉल ब्लाइंडने २५ आधीच टाकलेले असतात, त्याला कॉलसाठी आणखी २५ च लागतात.

रेझ कमीत कमी आधीच्या रेझएवढा हवा. ब्लाइंड ५० असताना कोणी १५० केले, म्हणजे १०० ने वाढवले. पुढच्याला वाढवायचं असेल तर किमान २५०. वरची मर्यादा नाही, पुढ्यातल्या सगळ्या चिप्स लावता येतात.

चिप्स लावण्याच्या तीन शिस्ती पहिल्या दिवसापासून पाळा:

- आधी बोला, मग चिप्स हलवा. ‘हे तुमचे शंभर... आणि वर आणखी दोनशे’ चालत नाही. शंभर टाकून समोरच्याचा चेहरा बघून मग वाढवायचं, ही चलाखी झाली. तो नुसता कॉल धरायचा.
- समोर बेट असताना काही न बोलता ५०० ची एकच चिप टाकली तर तो कॉल, रेझ नाही.
- चिप्स ढिगात फेकू नका, स्वतःच्या पुढे ठेवा. फेरी संपली की डीलर त्या मध्ये ओढेल. ढिगात पडलेल्या चिप्स कोणाच्या किती, हे नंतर देवालाही सांगता येत नाही.

कोण मोठा

वरून खाली असा क्रम:

- स्ट्रेट फ्लश: एकाच रंगाचे ओळीने पाच. एक्क्यापासून दश्शीपर्यंत असेल तर रॉयल फ्लश.
- चार सारखी
- फुल हाऊस: तीन सारखी आणि एक जोड
- फ्लश: एकाच रंगाचे पाच
- स्ट्रेट: ओळीने पाच, रंग कुठलेही
- तीन सारखी
- दोन जोड्या
- एक जोड
- यातलं काहीच नसेल तर मोठं पान

तीन पत्तीचा खेळाडू इथे चौथ्या-पाचव्या ओळीशी अडखळतो. त्याच्या डोक्यात रन कलरपेक्षा मोठी असते, आणि तीन पत्त्यांत ते बरोबरच आहे: २२,१०० शक्य हातांत साधी रन ७२० वेळा येते, कलर १,०९६ वेळा. पाच पत्त्यांत गणित फिरतं. २५,९८,९६० हातांपैकी स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश फक्त ५,१०८. जे दुर्मीळ ते मोठं. शिवाय तीन पत्तीत तीन सारखी म्हणजे ट्रेल, सर्वांत वर. इथे तिच्यावर पाच हात आहेत. ही यादी मोठ्या अक्षरांत लिहून दोन प्रती टेबलावर ठेवा. यादीकडे कोणी बघितलं यावरून त्याच्याकडे काय आहे याचा अंदाज लागतो, म्हणून सगळ्यांनीच अधूनमधून बघत राहावं.

आणखी दोन भेद. एक्का-दुर्री-तिर्री तीन पत्तीत मानाची रन असते. इथे एक्का ते पंजी ही सर्वांत लहान स्ट्रेट, आणि राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री असं वळसा घालून काही होत नाही. एका रंगाचे चार जमले तर त्याला शून्य किंमत. फ्लशला पाचच हवेत.

आता सर्वांत जास्त वाद ज्यावर होतात ते: मोजायचे पत्ते पाचच, सहावा नाही. मध्ये बदाम राजा, किलवर राजा, चौकट नव्वी, इस्पिक नव्वी आणि किलवर पंजी उघडले आहेत. मीनाकडे दोन अठ्ठ्या, सुहासकडे राणी-पंजी, कविताकडे एक्का-चौकी. मीना म्हणते, माझ्या तीन जोड्या. तीन जोड्या असा हात नाही. तिचे पाच पत्ते: दोन राजे, दोन नव्व्या, एक अठ्ठी. सुहासचे: दोन राजे, दोन नव्व्या, एक राणी, पंजीची जोड वाया. कविताचे: दोन राजे, दोन नव्व्या, एक्का. पॉट कविताचा, जिच्या हातात जोडच नव्हती. हा पाचवा निर्णायक पत्ता म्हणजे किकर. हाच डाव खेळण्याआधी चादरीवर मांडून सगळ्यांना दाखवा, पुढचे निम्मे वाद टळतील.

मधल्या पाच पत्त्यांतच सर्वोत्तम हात असेल आणि कोणाचंच पान तो सुधारत नसेल तर पॉट उरलेल्यांत सारखा वाटायचा. विषम उरलेली चिप डीलरच्या डावीकडून पहिल्या बसलेल्याला.

ऑल-इन आणि बाजूचा पॉट

तीन पत्तीत चाल परवडेना म्हणून माणूस पॅक करतो, नाहीतर उधारी सुरू होते. पोकरमध्ये पुढ्यात आहे तेवढंच लावायचं, आणि तेवढं लावून शेवटपर्यंत राहता येतं.

समजा मंदारने पुढ्यातले सगळे ३०० लावले, म्हणजे ऑल-इन केलं. सुधा ९०० ची ऑल-इन झाली. नीलेशकडे जास्त आहेत, त्याने ९०० चा कॉल केला. बिग ब्लाइंडने ५० टाकून फोल्ड केलं होतं, स्मॉल ब्लाइंड नीलेशच होता. मुख्य पॉट: प्रत्येकी ३०० प्रमाणे ९०० आणि ते ५०, एकूण ९५०. उरलेले सुधा आणि नीलेशचे ६००-६०० म्हणजे १,२०० चा बाजूचा पॉट. मंदारचा हात सर्वांत मोठा असला तरी त्याला ९५० च. १,२०० सुधा-नीलेशमध्ये ज्याचा मोठा त्याला. दोन ढीग प्रत्यक्ष वेगळे करून ठेवा, आणि पत्ते दाखवताना आधी बाजूचा पॉट मिटवा.

पत्ते दाखवणं

‘शो’ मागायची आणि त्यासाठी चिप्स टाकायची पद्धत नाही. शेवटच्या फेरीत ज्याने सर्वांत शेवटी बेट किंवा रेझ केला तो आधी दाखवतो. सगळ्यांनी चेक केलं असेल तर डीलरच्या डावीकडून. दोन्ही पत्ते उघडे करून टेबलावर ठेवायचे. तोंडाने काय सांगितलं ते धरत नाहीत, पत्ते दिसतात तेच खरं. ‘माझी जोड’ म्हणणाऱ्याची स्ट्रेट निघाली तर पॉट त्याचाच. म्हणून पॉट तुमच्याकडे सरकेपर्यंत पत्ते हातातून सोडू नका.

काय खेळायचं

पहिल्या महिन्यात एकच धोरण ठेवा: कमी हात खेळा, पण खेळाल ते वाढवून खेळा. खेळण्यासारखे हात म्हणजे कुठलीही जोड, एक्क्यासोबत दश्शी किंवा वरचं पान, राजा-राणी, आणि एका रंगाचे राजा-गुलाम किंवा राणी-गुलाम. बटणावर बसलेले असाल तर थोडं सैल, कारण फ्लॉपनंतर तुम्ही शेवटी बोलता आणि बाकीच्यांनी काय केलं ते दिसलेलं असतं. लवकर बोलायचं असेल तर लहान जोड्याही सोडा. पहिला रेझ बिग ब्लाइंडच्या तिप्पट, नंतरचे बेट पॉटच्या निम्मे ते दोनतृतीयांश.

थोडे आकडे पाठ असू द्या. हातात जोड येण्याची शक्यता सतरात एक, एक्क्यांची जोड २२१ त एक. जोड नसलेल्या दोन पत्त्यांपैकी एकाची तरी जोड फ्लॉपवर साधारण तीनात एकदा जमते. ‘दोन्ही बदाम आहेत’ म्हणून सत्ती-दुर्री खेळणारे असतात, पण फ्लॉपवरच पुरा फ्लश यायची शक्यता शंभरात एकही नाही.

फ्लॉपवर फ्लशला एक पान कमी असेल तर उपयोगाचे नऊ पत्ते उरतात. पुढच्या एका पानात ते यायची शक्यता साधारण नऊ दुणे अठरा टक्के, दोन पानांत नऊ चोक छत्तीस. अचूक आकडे १९ आणि ३५, टेबलावर एवढं पुरतं. टर्ननंतर पॉट ३०० आहे आणि समोरच्याने १५० लावले. तुम्ही १५० घालून एकूण ६०० साठी खेळताय, म्हणजे २५ टक्के शक्यता हवी. तुमच्याकडे १९-२०. सोडा. तेच त्याने ६० लावले असते तर ४२० साठी ६०, म्हणजे १४ टक्के. कॉल करा.

ब्लफ, म्हणजे हात नसताना चिप्स लावून घाबरवणं? नवशिक्यांच्या टेबलावर जवळजवळ नाहीच. ब्लफ चालतो तो घाबरू शकणाऱ्यावर. ज्याला आपली जोड मोठी की लहान हेच कळत नाही, तो कॉल करणार आणि जिंकणार.

काही बिनसलं तर

वाटताना कोणाचं एक पान उघडं पडलं तर वाटप पुरं करा, त्याला शेवटी नवं पान द्या आणि उघडलेलं बर्न म्हणून वापरा. दोन पडले तर पुन्हा पिसा. फ्लॉपला चार उघडले तर ते चार उपडे करून मिसळा, एक काढून पुढचं बर्न म्हणून ठेवा. पाळी नसताना कोणी बोललं तर पाळी खऱ्या माणसाकडे परत न्या.

फोल्ड केलेला पत्ता शेजाऱ्याला दाखवायचा नाही, आणि दाखवलाच तर डाव संपल्यावर सगळ्यांना दाखवायचा. बाहेर पडलेल्याने ‘अरे, माझ्याकडे राजा होता’ म्हणून उसासा टाकला तरी चालू डावाचं नुकसान होतं. हा नियम मोडणारा आपल्याकडे हमखास एक काका असतो. बटण कोणाकडेही असो, त्यांना सतत पत्ते वाटायला बसवा, हात आणि तोंड दोन्ही कामात राहतात.

शेवटचे दोघे

दोघेच उरले की ब्लाइंडची जागा बदलते आणि इथे चांगले खेळाडूही चुकतात. बटण ज्याच्याकडे तोच स्मॉल ब्लाइंड टाकतो, आणि पहिल्या फेरीत आधी बोलतो. फ्लॉपपासून पुढे मात्र तो शेवटी बोलतो. या टप्प्यावर चांगल्या हाताची वाट बघत बसलात तर ४००/८०० चे ब्लाइंडच तुम्हाला संपवतील. एक्का, कुठलीही जोड, राजासोबत मधलं पान, एवढ्यावर चिप्स घालायच्या.

डाव आटोपल्यावर दोन्ही कॅट मोजून, ५२-५२ आहेत हे बघूनच डबीत घाला. एखादी चौकी चादरीच्या घडीत राहिली, तर पुढच्या वेळी ती थेट डावाच्या मध्येच कळते.